फलाट क्रमांक चारवरची पांढरी गाडी

(एसटीत टप्पे मोजून तिकीट देतात. ही गोष्टही तशीच टप्प्याटप्प्यानं सांगायची आहे. फक्त तिसरा टप्पा सांगायचा नाही, अशी सहदेवभाऊंची अट आहे. एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाची अट मोडवत नाही. तिसरा टप्पा वगळला आहे.)

टप्पा पहिला : डोणगाव

जिनं जन्मात कधी गिअर टाकला नाही, अशा बाईकडून रस्ता शिकायची वेळ सहदेव अवसरमोल यांच्यावर सदुसष्टाव्या वर्षी आली. बाई मोबाईलमध्ये राहत होती. मोबाईल त्यांच्या मुलानं, अश्वजितनं, पुण्याहून आणला होता आणि घरच्या पांढऱ्या गाडीच्या काचेला चिकटवून दिला होता.

“बाबा, ती सांगेल तसं जायचं. बाकी काही नाही.”

“तुह्या मायचं चाळीस वर्षं ऐकलं नाई, अन् आता हिचं ऐकू?”

“म्हणूनच तं हे दिवस आले,” सिंधूताई आतून म्हणाल्या.

दिवस आले होते ते लायसनमुळे. सहदेवभाऊंचं लायसन महिनाअखेर संपत होतं. नवं करायचं तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि डोणगावात डॉक्टर म्हणजे नाजिश, गॅरेजवाल्या फकीर मोहम्मदची मुलगी. ही नाजिश शिकायला मेहकरला जायची ती सहदेवभाऊंच्याच एसटीनं. तिला उशीर झाला की भाऊ हॉर्न वाजवत थांबायचे आणि मागची साठ माणसं तिच्या शिक्षणाच्या नावानं बोटं मोडायची. अशा पोरीनं डोळे झाकून सही करायला हवी होती. ती डोळे उघडे ठेवून बसली.

“काका, मागच्या सोमवारी तुम्ही माझ्याकडे तीनदा आलात.”

“गोळ्या कवा घ्यायच्या ते इचाराले आलो होतो.”

“तिन्ही वेळा तेच विचारलंत.”

“मंग तू तिन्ही वेळा सांगितलं का नाई?”

“सांगितलं.”

“मंग भांडण कुठी हाय?”

भांडण कुठंच नव्हतं. अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे असं लिहून दिलं होतं, आणि तो कागद नाजिशच्या टेबलावर होता. सहदेवभाऊंना आजाराचं तसं दुःख नव्हतं. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं, जावयाचं नाव विसरणं, हे त्यांच्या मते घरगुती विसरणं होतं. रस्ता वेगळा. छातीवर ‘विनाअपघात सेवा’ असा बिल्ला मिळालेल्या माणसाला तू गाडी चालवू नको म्हणणं म्हणजे मासोळीला पोहू नको म्हणण्यासारखं होतं. आणि लोणारला त्यांची मुलगी मंजुश्री राहत होती. तिच्याकडे आपल्या हातानं गाडी नेणं जाणार की राहणार, एवढाच प्रश्न होता. पण सहदेवभाऊंना त्यापुढे दुसरे प्रश्न दिसतच नव्हते.

नाजिश शेवटी म्हणाली, “काकूंना बाजूला बसवा. दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यानं एकदाच लोणारला जाऊन या. आल्यावर खरं काय ते सांगा. मग मी कागदाचं पाहते.”

झालं. गावाला काम मिळालं.

पहिल्या दिवशी मोबाईलमधली बाई घेऊन सहदेवभाऊ बाजारापर्यंत गेले. बाई म्हणाली, “तीनशे मीटरनंतर उजवीकडे वळा.” भाऊंनी गाडीच थांबवली.

“तीनशे मीटर? हिले कापड फाडाचं हाय का?”

त्यांचा रस्ता मीटरात नव्हताच. तो कडुलिंब, पिठाची गिरणी, शाळेचा कोपरा, असा होता. तो डोक्यातही नव्हता, हातात होता. बाई बोलली की डोकं जागं व्हायचं, आणि डोकं जागं झालं की हात विसरायचे. तीनशे मीटर म्हणजे किती, याचा हिशेब लागेपर्यंत उजवीकडचं वळण मागे पडायचं, आणि मग बाई थंडपणे म्हणायची, “पुन्हा मार्ग शोधत आहे.”

“पाह्य! हिलेच मालूम नाई! शोधून राह्यली म्हणते!”

अश्वजितनं पुण्याहून फोनवर सुचवलं की आवाज बंद करा, नुसता नकाशातला बाण बघा. सहदेवभाऊंनी बाण बघितला. बाण बघताना समोरची म्हैस दिसली नाही. म्हशीनं समजूतदारपणा दाखवला म्हणून भागलं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे निवृत्त मास्तर, भगवंतराव, सल्ला घेऊन आले. सुंदर अक्षरात त्यांनी सगळी वळणं चिठ्ठ्यांवर लिहिली आणि स्टिअरिंगच्या वर ओळीनं चिकटवली. अडचण अशी निघाली की सहदेवभाऊंचे चष्मे दोन. दूरचा लावला की चिठ्ठी दिसेना, जवळचा लावला की रस्ता दिसेना. भगवंतराव म्हणाले, “अक्षर मोठं काढतो.” त्यांनी इतकं मोठं काढलं की काचेतून दिसायला फक्त अक्षरच उरलं.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या घरातल्या महादेवरावांनी भिजवलेले बदाम सुचवले. रोज सकाळी सात. आठवडाभरानं त्यांनी विचारलं, “फरक पडला का?” भाऊ म्हणाले, “खायाचीच याद राहत नाई, तं फरक कसा पडन?”

मग आला फकीर मोहम्मद. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि निदान केलं.

“भाऊ, तुमी रस्ता नाई विसरले. तुमच्यापाशी कंडक्टर नाई, एवढंच झालं.”

संध्याकाळपर्यंत त्यानं भंगारातल्या एका बसची पितळी घंटी सहदेवभाऊंच्या कानामागे टपाला ठोकली आणि तिची दोरी बाजूच्या सीटवर लोंबत सोडली.

“मी काय कंडक्टर हाय?” सिंधूताईंनी विचारलं. त्या अंगणवाडीतून निवृत्त झाल्या होत्या. पन्नास पोरं एका वेळी सांभाळलेली बाई एका दोरीला भिणार नव्हती, पण शान म्हणून काही असतं.

“वहिनी, दोनदा ओढून तं पाहा.”

सिंधूताईंनी ओढली. टिंग-टिंग.

आणि सहदेवभाऊंची पाठ सरळ झाली. नजर उजव्या आरशात गेली, डाव्या आरशात गेली, हात गिअरवर आला आणि गाडी अशी सुटली की तांब्यातलं पाणी हललं नसतं. टिंग. कडुलिंबाखाली थांबली. टिंग-टिंग. निघाली. सिंधूताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि धुळीला नावं ठेवली.

टप्पा दुसरा : मेहकर

रविवारी सकाळी बिल्ला शर्टावर, मोबाईलमधली बाई पिशवीत आणि लोणच्याची बरणी सिंधूताईंच्या मांडीवर, अशी गाडी निघाली. घंटी फक्त गरजेपुरती वाजवायची असं ठरलं होतं.

पण सवयीला गरज कळत नाही. पहिल्या थांब्यावर एका म्हाताऱ्यानं हात दाखवला. सहदेवभाऊंनी गाडी बरोब्बर त्याच्या पायाशी उभी केली. म्हातारा दार उघडून बसला. आता बसलेल्या माणसाला उतर कसं म्हणायचं? सिंधूताईंनी दोन घंट्या दिल्या.

“मी पंचाहत्तरच्या वर हाय,” म्हाताऱ्यानं कार्ड पुढे केलं. त्याचं नाव भाऊराव. “मले फुकट.”

पुढच्या थांब्यावर फवारणीचा पंप दुरुस्तीला नेणारा एक गडी चढला. त्याच्या पुढच्या थांब्यावर एक बाई चढली. ती बसता बसता म्हणाली, “आमाले अर्धं तिकीट हाय बरं.”

“ते कंडक्टरले सांगा,” सहदेवभाऊ समोर बघत म्हणाले. “चालत्या गाडीत ड्रायव्हरसंग बोलू नये.”

कंडक्टर लोणच्याची बरणी धरून खिडकीबाहेर बघत होती. पंपातून औषधाचा वास येत होता, तो म्हाताऱ्याला लोणच्याचा वाटत होता. “फोडणी जळली वाट्टे, ताई,” तो अधूनमधून कळवळून म्हणत होता.

मेहकर आलं. इथून लोणारला जायचं तर बसस्थानकात जायचं काही कारण नव्हतं. पण एकतीस वर्षांत स्थानकात न शिरता सहदेवभाऊ मेहकर ओलांडून कधी गेले नव्हते. गाडी वळली, आत शिरली, गोल फिरली आणि उलटी होत होत फलाट क्रमांक चारला अशी लागली की चाकाचा कडेला स्पर्श झाला, धक्का झाला नाही. म्हातारा, पंपवाला आणि अर्धं तिकीट समाधानानं उतरले. भाऊंनी इंजिन बंद करून कपाळ पुसलं.

त्याच क्षणी लोणारची वाट बघणाऱ्या लोकांनी गाडीला वेढा घातला. पहिला रुमाल खिडकीतून आला आणि जागा धरण्यासाठी लोणच्याच्या बरणीवर पडला. दुसऱ्या खिडकीतून टोपी आली.

“अवो, ही एसटी नाई!” सिंधूताई ओरडल्या.

“मंग फलाटाले काऊन लावली?” बाहेरून बिनतोड प्रश्न आला.

मागे खरी एसटी येऊन उभी राहिली आणि आपल्या फलाटासाठी हॉर्न वाजवू लागली. ध्वनिक्षेपक खरखरला. “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर उभी असलेली पांढरी गाडी ही एसटी नाही. कृपया तिच्यात बसू नये. पांढऱ्या गाडीच्या चालकानं कंट्रोल केबिनमध्ये यावं.”

चालक गेले. रुबाबात गेले, कारण गाडी लागली की केबिनमध्ये नोंदीला जायचंच असतं. आतल्या माणसानं मान वर न करता फॉर्म पुढे ओढला.

“स्थानकात खाजगी वाहन आणायला बंदी आहे, माहीत नाही का? नाव? वाहनाचा प्रकार... खाजगी.”

सहदेवभाऊंना बाकी काही लागलं नाही. पण हा शब्द लागला. एकतीस वर्षांत त्यांना शिव्या खूप बसल्या होत्या, खाजगी कोणी म्हटलं नव्हतं.

“वेळ लिव्हा,” ते म्हणाले. “नऊ चाळीस. टायमावर लावली हाय.”

माणसानं मान वर केली. तो अर्जुनराव निघाला. त्याची पहिली सात वर्षं सहदेवभाऊंच्या मागे कंडक्टर म्हणून गेली होती.

“भाऊ, तुमी?” त्यानं बिल्ल्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, दारात बरणी घेऊन उभ्या असलेल्या सिंधूताईंकडे पाहिलं. त्यांनी डोक्याजवळ बोट नेलं आणि खाली आणलं. अर्जुनरावनं फॉर्म चुरगाळला. “चहा घ्या. काई झालंच नाई.”

चहा झाला. अर्जुनरावनं स्वतः बाहेर येऊन रुमाल आणि टोपी परत केली, गर्दी बाजूला केली आणि एसटीला सांगितलं, “आधी भाऊंची निघू दे.” मग त्यानं पांढऱ्या गाडीत हात घालून दोरी ओढली. टिंग-टिंग.

(इथे तिसरा टप्पा येतो. वगळला आहे.)

टप्पा चौथा : लोणार

लोणारला गाडी सुखरूप पोचली. शेवटचा सगळा रस्ता ती एका एसटीच्या मागे मागे आली. एसटी थांबली की थांबत होती, निघाली की निघत होती. मंजुश्रीनं बरणी उघडली. तेलाचा थेंब सांडला नव्हता.

जेवताना फलाट चारची गोष्ट निघाली. सिंधूताईंनी ती अशी रंगवली की मंजुश्रीला ठसका लागला. जावई रवी म्हणाला, “बाबांनी फलाटावर गाडी लावली यात चूक काय? एसटीनंच तं शिकवलं!” सगळे हसले. सहदेवभाऊ हसले नाहीत. त्यांनी भाकरी अर्धी ठेवली. आमरस पूर्ण ठेवला. हे पाहून मंजुश्रीचं हसू थांबलं.

परतताना रवीला मेहकरला अचानक काम निघालं आणि गाडी त्यानं चालवली. काम काय ते कोणी विचारलं नाही. मागच्या सीटवर सहदेवभाऊ बिल्ला काढून हातात घेऊन बसले होते.

टप्पा पाचवा : नाजिशचा दवाखाना

“कसं झालं, काका?”

“एकदम कडक!” आधी फकीर मोहम्मद बोलला. तो पेशंट नव्हता, पण मुलीच्या दवाखान्यात तो कायम असायचाच. “नऊ चाळीसले फलाटावर! मिनिट हललं नाई! कर सही.”

“काकू?”

सिंधूताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “काई झालं नाई. बरं झालं सगळं.”

नाजिशनं पेन उचललं. सहदेवभाऊंनी तिच्या हातातून ते घेतलं आणि कोरा कागद मागितला.

आता डेपोतली एक रीत सांगायला हवी. गाडी डेपोत लावली की ड्रायव्हरनं तिच्यात काय बिघाड आहे ते लिहून द्यायचं. ब्रेक सैल, वायपर तुटका, जे असेल ते. आळस करून काही जण ‘ठीक’ लिहून घरी जातात. सहदेवभाऊंनी असं कधी केलं नाही. कारण तीच गाडी पहाटे दुसरा ड्रायव्हर काढतो, आणि त्याच्या मागे साठ माणसं बसलेली असतात.

ते बराच वेळ लिहीत होते. कागद नाजिशला देताना म्हणाले, “आता तो टप्पा सांगून दे, सिंधू. मीच नको म्हटलं होतं. मीच सांग म्हणतो.”

टप्पा तिसरा : सुलतानपूर फाटा

मेहकरहून सुलतानपूरला आलं की रस्ते दोन होतात. एक लोणारला जातो, दुसरा जालन्याकडे. सहदेवभाऊंनी हा फाटा हजारो वेळा वळला होता. त्या दिवशी ते फाट्यावर आले आणि थांबले.

सिंधूताईंनी दोन घंट्या दिल्या. पाठ सरळ झाली, हात गिअरवर आला, पाय तयार झाला. पण कोणीकडे? घंटी नीघ म्हणते. कुठे, ते सांगत नाही.

दोन्ही रस्ते सारखे दिसत होते. दोन्ही त्यांच्या ओळखीचे होते आणि दोन्ही परके होते. पिशवीतून बाई म्हणाली, “डावीकडे वळा.” सिंधूताई म्हणाल्या, “डावीकडं हो, डावीकडं!” समोरच्या पाटीवर तीन गावांची नावं होती. हे सगळं एकदम आत शिरलं आणि पायानं आपल्या मनानं निर्णय घेतला. गाडी पुढे गेली, अर्धी वळली आणि रस्त्यात आडवी उभी राहिली.

समोरून येणारा ट्रक हातभर अंतरावर थांबला.

ट्रकवाला खाली उतरला. तोंड शिवीसाठी उघडलं होतं. त्यानं काचेतून आत पाहिलं, बिल्ला पाहिला, भाऊंचा चेहरा पाहिला, आणि तोंड मिटलं. मग तो हळू म्हणाला, “बाबा, बाजूले घ्या. सावकाश घ्या. मी थांबतो.”

शिवी दिली असती तर सहदेवभाऊंनी दोन परत दिल्या असत्या आणि गाडी पुढे नेली असती. पण तो थांबला. दोन्हीकडची वाहनं हातानं अडवून, भाऊंची गाडी कडेला लागेपर्यंत तो थांबला.

कडेला सिंधूताईंनी त्यांचा हात धरला. “काई झालं नाई,” त्या म्हणाल्या. “कोणाले सांगू नको,” भाऊ म्हणाले. मागून लोणारची एसटी आली. “तिच्या मागं घ्या,” त्या म्हणाल्या. त्यांनी घेतली.

टप्पा पाचवा, उरलेला

नाजिशनं कागद वाचला. तारीख होती, गाडीचा नंबर होता. खाली लिहिलं होतं:

ब्रेक ठीक. हॉर्न ठीक. आरसे ठीक. घंटी ठीक. बिघाड : ड्रायव्हरला फाट्यावर रस्ता सापडत नाही. गाडी दुरुस्तीला उभी करू नये. ड्रायव्हर बदलावा.

सही, आणि सहीखाली बिल्ल्याचा नंबर. तो मात्र न अडखळता लिहिलेला होता.

फकीर मोहम्मद खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरत होता. नाजिशनं आपला फॉर्म खणात ठेवला आणि सहदेवभाऊंचा कागद घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला.

“ड्रायव्हर बदलावा म्हणजे?” सिंधूताईंनी विचारलं. “दुसरा ड्रायव्हर कुठून आणाचा?”

“तुले स्कूटी येते ना?”

“अवो, मी बासष्टची हाय!”

“मंग? मी सदुसष्टचा होईपर्यंत चालवली. तुही पाच वर्षं बाकी हाय.”

“मले इचारलं का कोणी?”

“ड्युटी लागते तवा इचारत नसतात.”

टप्पा तिसरा, पुन्हा : सुलतानपूर फाटा

पाच महिने गेले. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरनं सिंधूताईंना गाडी चालवायला शिकवलं. गाडी सांभाळायला सहदेवभाऊंनी शिकवलं, मागे बसून, शाळेच्या मैदानावर, पुढे लोणच्याची बरणी ठेवून. पहिल्या आठवड्यात लोणचं वाया गेलं. दुसऱ्या आठवड्यात नुसतं तेल वाया गेलं. भगवंतराव मैदानाच्या कडेला उभे राहून गिअरची शुद्ध नावं सांगत, आणि महादेवराव आता सिंधूताईंना बदाम देत. परीक्षेच्या दिवशी साहेब म्हणाले, “ही दोरी कशाची?” सिंधूताई म्हणाल्या, “आमच्या कंडक्टरची.” साहेबांनी फॉर्मवर त्यासाठी रकाना शोधला, सापडला नाही, म्हणून त्यांनी पास करून टाकलं.

आणि एका रविवारी पांढरी गाडी पुन्हा लोणारला निघाली. स्टिअरिंगवर सिंधूताई. डाव्या सीटवर सहदेवभाऊ, शर्टावर बिल्ला, हातात दोरी. मोबाईलमधली बाई काचेवर आपल्या जागी. थांब्यावर लोक हात दाखवत होते. सहदेवभाऊ काच खाली करून ओरडत होते, “मागून येऊन राह्यली! ही एक्स्प्रेस हाय!” मेहकरचं स्थानक आलं तेव्हा त्यांचा हात दोरीकडे गेला. सिंधूताईंनी गाडी सरळ काढली. भाऊंनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, “नऊ अडतीस. दोन मिनिटं आधीच हाय.”

सुलतानपूरचा फाटा आला. सिंधूताईंनी गाडी थांबवली.

“कोणीकडं हो?”

सहदेवभाऊंनी दोन्ही रस्त्यांकडे पाहिलं. दोन्ही सारखेच दिसत होते. पण या वेळी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते काम त्यांचं नव्हतं.

“बाईले इचार.”

“डावीकडे वळा,” बाई म्हणाली.

सिंधूताईंनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं आणि पाय उचलणार, तोच सहदेवभाऊ म्हणाले, “ऊं हूं.” त्यांची नजर समोर होती. वळणाआडून एक ट्रक येत होता. बाईला तो दिसला नव्हता, सिंधूताईंनाही दिसला नव्हता. ट्रक आला, भोंगा देत गेला. सहदेवभाऊंनी उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. पुन्हा उजवीकडे पाहिलं. घाई कसलीच नव्हती.

मग त्यांनी दोरी ओढली.

टिंग-टिंग.